प्रवरा स्पोर्टिंगचा पुढचा मॅनेजर

मी, आप्पासाहेब दगडू कानवडे, वय चौसष्ट, पाटबंधारे खात्यातून निवृत्त स्टोअरकीपर, राहणार संगमनेर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं हृदय कामातून गेलं आहे असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं; डोक्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. मला कोणी भरीस घातलेलं नाही. उलट घरातले सगळे लिहू नका म्हणून मागे लागले आहेत, म्हणून तर लिहितो.

कलम १. राहतं घर, मागची मोकळी जागा व आड (यंदा कोरडा) हे सर्व माझी पत्नी साळूबाई हिचं. तिच्या पश्चात मुलगा जालिंदर याचं. ती असेपर्यंत जालिंदरने घर विकण्याची भाषा काढू नये. त्याने ती दिवाळीत काढली होती, मी झोपलो आहे असं समजून.

कलम २. पोस्टातली शिल्लक साळूबाईला. सायकल भाचा कानिफनाथ याला. तिची घंटा वाजत नाही. त्याने मला याआधी सांगितलेलं आहे, पुन्हा सांगू नये.

कलम ३. आता मुख्य मालमत्ता. फुटबॉल क्लब प्रवरा स्पोर्टिंग, सतरा वह्या, पत्र्याची पेटी व त्यातली सर्व कार्डं.

परक्या माणसाला कळावं म्हणून खुलासा करतो. भंडारदऱ्याला नोकरीत असताना पावसाळ्याचे चार महिने करमत नसे. तेव्हा मी आणि ड्राफ्ट्समन आसाराम भिकाजी नवले, आम्ही दोघांनी हा खेळ काढला. कागदावर बारा क्लब. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्यावर नाव, वय, वेग, ताकद. संघ मॅनेजरने निवडायचा, मॅचचा निकाल सहा कवड्या टाकून लावायचा. तिशी उलटलेल्या खेळाडूचा वेग दर दिवाळीला कवड्या टाकून कमी करायचा. माझा क्लब प्रवरा स्पोर्टिंग, त्याचा रतनगड युनियन. बाकीचे दहा आम्ही हरवण्यापुरते ठेवले होते. प्रवरा नऊ वेळा पहिला आला. रतनगड सात वेळा, त्यात एकदा चोरून.

चोरून म्हणतो त्याचा पुरावा चौथ्या वहीत आहे. मी तापाने फणफणलेला असताना आसाराम उशाशी येऊन बसला, डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवल्या आणि माझा गोलकीपर दोन लंगड्या हाफबॅकच्या बदल्यात लिहून घेतला. सही माझीच आहे. ती ओल्या पट्टीखालून केलेली आहे. याबद्दल मी त्याला क्षमा केलेली नाही आणि मेल्यावरही करणार नाही.

कलम ४. हे सगळं आज लिहिण्याचं कारण नियम सतरा. तोही आसारामनेच घातला. मॅनेजर मयत झाला आणि त्याने लेखी वारस नेमलेला नसला, तर त्याचे सर्व खेळाडू दुसऱ्या मॅनेजरच्या क्लबात जातात. तेव्हा आम्ही पन्नाशीच्याही अलीकडे होतो, हसून सह्या केल्या. आता हा गृहस्थ दर गुरुवारी मोसंबी घेऊन येतो. "आप्पा, तब्येत कशी हाय?" म्हणतो, आणि मी उत्तर देण्याआधीच "गहिनीनाथचं कार्ड जरा बघू दे" म्हणतो. गहिनीनाथ म्हणजे माझा सेंटर फॉरवर्ड. अठरा वर्षांचा असताना मी त्याला घेतला, आज तो पस्तिशीचा आहे, दोनशे बारा गोल. आसाराम त्याच्याकडे खाटकासारखा बघतो. माझ्या मरणावर त्याला फुकट अख्खा संघ मिळणार असेल, तर मला मरायचंच नाही. पण डॉक्टर ऐकत नाहीत.

कलम ५. वारस जालिंदर नाही. वह्या बंबात घालायच्या लायकीच्या आहेत असं तो म्हणाला, आणि तेही सुनेसमोर. बंब त्याने खुशाल न्यावा.

कलम ६. प्रवरा स्पोर्टिंगची मॅनेजर म्हणून मी साळूबाई हिला नेमत आहे. सतरा वर्षं दोन्ही बाजूंच्या कवड्या तिनेच टाकल्या. एकूण एक मॅच तिला तोंडपाठ आहे. सन सहासष्टच्या शेवटच्या मॅचला तिच्या हातून सहाही कवड्या पालथ्या पडल्या आणि मी हरलो. तिने आसारामला चहा आधी दिला होता, म्हणून ती त्याला सामील आहे असं मी चारचौघांत बोललो आणि चार महिने तिच्याशी अबोला धरला. ती सामील नव्हती. मला हे तेव्हाच ठाऊक होतं. तोंडाने म्हणणं जमलं नाही, इथे लिहितो.

यापुढे कवड्या शेजारच्या झुंबरबाईने टाकाव्यात. तिला आम्ही दोघेही आवडत नाही.

कलम ७. येत्या रविवारी रतनगडशी शेवटची मॅच आहे. गुण बरोबरीत आहेत. तोवर मी असेन की नाही सांगता येत नाही, म्हणून काल साळूबाईला विचारलं, संघ कसा लावशील? ती ज्वारी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आदी त्या गहिनीनाथाला भाईर बसवा. पाय ऱ्हायले न्हाईत त्याच्यात. तीन वर्सं तुमी त्याच्यापायी हरताय."

मी तिला अर्धा तास समजावलं. दोनशे बारा गोल सांगितले.

"मंग मला कशाला इचारलं?" म्हणाली.

या निर्णयाला माझा सक्त विरोध आहे, तो इथे नोंदवतो. मॅनेजर तीच राहील.

कलम ८. आसारामला मी काहीही देत नाही. त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे, आणि सगळी कलमं त्याच्यासमोर मोठ्याने वाचली आहेत, म्हणजे उद्या माहीत नव्हतं म्हणायची सोय नको.

लिहून ठेवणार: आप्पासाहेब दगडू कानवडे (सही)

साक्षीदार: १. सहादेव लक्ष्मण गुंजाळ, शेजारी (सही)
२. आसाराम भिकाजी नवले (सही). सहीखाली त्याने न विचारता लिहिलं: "ऐकले. मॅनेजर साळूबाई यांस विनंती, गहिनीनाथ बाहेरच बसवणार असाल तर आम्हांस द्यावा."

साळूबाईला हे वाचून दाखवलं. तिचं उत्तर तिच्या सांगण्यावरून इथेच लिहितो: "बसवीन. पर तुमाला देनार न्हाई."

मुक्काम संगमनेर, ता. ११ जानेवारी १९७३