गाडीत कोणी होतं का?

३ मार्च, मंगळवार

फॉर्म परत आला! माजी सैनिक कार्यालयातला कारकून – एक पेन कानावर, एक हातात – म्हणाला, पहिली दोन पानं झकास भरलीत, पण खरी मेख तिसऱ्या पानावर आहे. 'सेवेतील आघातकारक घटनेचे वर्णन. दिनांक, ठिकाण, सोबतच्या व्यक्ती. अर्जदाराच्या स्वतःच्या शब्दांत.' खाली बावीस रेघा. कोऱ्या.

मी सांगितलं, बाबांना विसरण्याचा आजार आहे, दोन वर्षं झाली. तो म्हणाला, ते मंजुरी देणारं बोर्ड धरत नाही, म्हातारपणी कोणालाही होतं. पण तुम्ही म्हणता ते नोकरीत घाटात जे घडलं आणि त्यापायी पुढे जन्मभर जो त्रास झाला, तो मान्य झाला तर अपंगत्व भत्ता मिळेल आणि घरी दिवसभराचा मदतनीस. बोर्ड सात एप्रिलला.

मदतनीस हवाच आहे. बाबांना आंघोळीच्या स्टुलावरून उठवताना आईची कंबर धरली ती अजून सुटलेली नाही. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात.

पण लिहू काय? मला स्वतःला एवढंच माहीत – बाबा सैन्यात क्रेन चालवायचे, बंद पडलेल्या, उलटलेल्या गाड्या रस्त्यावरून काढायचे. आणि घाटात एकदा काहीतरी झालं. मी तेव्हा तान्ही होते. घरात त्यावर कोणी चकार शब्द काढलेला नाही.

८ मार्च, रविवार

बाबांना बागेत नेलं. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा हात धरला. आपणहून. मी चाळिशी ओलांडलेली बाई, सिग्नलला उभी राहून रडले. मागचा माणूस म्हणाला, ताई, चला की.

बाकावर बसून त्यांनी संत्रं सोललं. एकेका फोडीचे पांढरे दोरे काढून मला देत होते. स्वतः एकही खाल्ली नाही. हे मला सहाव्या वर्षी हवं होतं. आठव्या वर्षी. बाराव्या वर्षीसुद्धा चाललं असतं.

तेव्हाचे बाबा वेगळे होते. आमच्या घराला बेल नव्हती, आणि दार वाजवायला बंदी. दारावर पाटी – 'बाहेरून हाक मारा'. मैत्रिणी थोडे दिवस हाका मारायच्या, मग यायच्या बंद व्हायच्या. नव्या माणसाने चुकून दारावर टकटक केली की बाबा भरल्या ताटावरून उठून मागच्या अंगणात जायचे. तासभर तिथेच, भिंतीकडे तोंड करून. आई ताट झाकून ठेवायची. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं. मागून जाऊन गळ्यात पडायची तर सोयच नव्हती – एकदा पडले तेव्हा त्यांनी असं झटकलं की कपाटाचा कोपरा लागून भुवईला टाके पडले. त्यानंतर मी कानाला खडा लावला.

आता संत्र्याच्या फोडी! माझं नाव त्यांना दिवसाआड आठवतं. पण नाव नसलं तरी चालेल, हात धरतात.

१२ मार्च, गुरुवार

आईला दवाखान्यात जायचं होतं म्हणून बाबा दुकानात माझ्याजवळ. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता त्यांनी गिऱ्हाइकाच्या आधी खणखणीत वाचून टाकला, अगदी तळच्या ओळीपर्यंत. त्या बिचाऱ्याचा नंबर काही काढता आला नाही. मालक हसून हसून बेजार. जाताना बाबा मालकांना म्हणाले, ही मुलगी कामाला चांगली आहे, टिकवून ठेवा.

मी दिवसभर ते वाक्य तोंडात घोळवत होते.

१४ मार्च, शनिवार

आज विचारलं. आई झोपली होती, दुपारचे तीन. जुना फोटो काढला – बाबा क्रेनच्या पायरीवर उभे, मिशी केवढी! फोटो बघून ते खुलले. हवेत हात फिरवून दाखवलं, हा दांडा खाली की हूक खाली, हा ओढला की हूक वर. बोटं अजून सगळं जाणतात.

मग मी हळूच म्हटलं, बाबा, घाटातल्या वळणावर काय झालं होतं?

हात हवेतच थांबला. मग बोलू लागले, माझ्याकडे न बघता. साहेब म्हणाले, अंधार पडायच्या आत रस्ता मोकळा कर. मागे चाळीस गाड्या खोळंबल्यात. ट्रक आडवा पडलाय. आणि मग, अगदी बारीक आवाजात – "आत कोणीतरी ठोकतंय."

मी भराभर लिहून घेतलं. चार ओळी भरल्या. मला आनंद झाला. लिहायची लाज वाटते, पण झाला.

१६ मार्च, सोमवार

बाबा दोन दिवस पायातले बूट काढत नाहीत. जेवत नाहीत. दाराकडे बघत बसतात.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी टॉवेल द्यायला मागून गेले. त्यांनी कोपराने ढकललं. मी पडले नाही, पण त्यांनी वळून बघितलं ती नजर – जुनी. घरात सगळे आवाज बंद करायला लावणारी. दोन वर्षांत मी ती विसरत चालले होते. मला वाटलं होतं, ते बाबा गेले. गेले नव्हते. मीच बोलावून आणले.

आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना बोलली. आवाज चढवला नाही.

"पुन्हा त्यांना विचारलंस तर तो फॉर्म मी चुलीत घालीन. तुला जे हवंय ते माझ्याकडे आहे. घे लिहून."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. सहा पानं झाली. तारीख, वार, वळणाचं नाव, हवा कशी होती – तिला सगळं पाठ. ट्रक वळणावर उलटला होता, रस्ता अडला होता. ट्रकचा चालक कुठे आहे, हे तिथे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. साहेब म्हणाले, आत कोणी नाही, ढकल दरीत. बाबांनी क्रेन लावली आणि ढकलला. ट्रक कड्यावरून कलला तेव्हा आतून तीनदा ठोकल्यासारखं ऐकू आलं. क्रेन थांबवेपर्यंत ट्रक गेला होता. साहेब म्हणाले, अरे, तापलेलं लोखंड वाजतं, माणूस नव्हे. बाबांना ते पटलं नाही. पण चालकाचं काय झालं, हे त्यांनी पुढे कधीच कोणाला विचारलं नाही.

मी म्हटलं, का नाही विचारलं?

आई म्हणाली, उत्तर नको होतं म्हणून. मलाही एकदाच सांगितलं, आणि शपथ घातली.

मग तिने मला न विचारलेलं सांगितलं. त्या घाटाच्या आधी बाबा सुट्टीवर आले की गल्लीच्या टोकापासून शीळ घालत यायचे. शिळेवरून तिला कळायचं, की आले. ती धावत आरशापाशी जायची. मला आठ महिन्यांचीला खांद्यावर बसवून घरभर नाचायचे. घाटातून आले ते दुसरेच कोणी.

"मी चाळीस वर्षं त्या माणसाची वाट बघितली. हे घाट विसरले, तेव्हा कुठे तो परत आलाय. त्याला पुन्हा घाटात पाठवू नकोस गं."

मला वाटायचं, बाबांसाठी झुरणारी या घरात मी एकटीच. मला निदान आठवायला काही नव्हतं. तिला होतं.

२० मार्च, शुक्रवार

कारकुनाने आईचा जबाब वाचला. वाचताना कानावरचं पेन काढून खाली ठेवलं. म्हणाला, ऐकीव आहे, तरी जोडतो. त्या दिवसाचा अहवालही अभिलेखागारातून मागवतो, पण तिथून यायला महिने लागतात. आणि बोर्डापुढे अर्जदाराला आणावंच लागेल, त्याला इलाज नाही.

बाबांनी आज बूट काढले. आईने पाय धुतले. जेवले.

७ एप्रिल, मंगळवार

बोर्ड. लांब टेबल, पलीकडे तिघं – मधे निवृत्त अधिकारी अध्यक्ष, एका बाजूला डॉक्टरीणबाई, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा. आम्ही तिघं अलीकडे. बाबांना इस्त्रीचा शर्ट घातला होता. भलतेच खुशीत! अध्यक्षांना विचारलं, चहा झाला का?

अध्यक्ष चांगला माणूस होता. त्याने आडून आडून विचारलं, घाटात क्रेन चालवायचात ना, तिथे एक ट्रक उलटला होता. आईने माझा हात घट्ट पकडला.

बाबा म्हणाले, हो, उलटला होता ना. मी आधी जाऊन दार उघडून बघितलं. एक पोरगा होता, त्याला खाली उतरवलं, पाणी पाजलं. मग गाडी ढकलली. सगळे उतरले होते.

इतकं स्वच्छ, इतकं समाधानाने सांगितलं! जसं काय कालच घरी येऊन बूट सोडता सोडता सांगतायत.

अध्यक्षांनी आईची सहा पानं उलटली. म्हणाले, बाई, तुम्ही लिहिलंय की यांना आत माणूस राहिल्यासारखं वाटलं. हे म्हणतात, सगळे उतरले. खरं काय धरायचं?

आईने बाबांकडे बघितलं. तेही तिच्याकडे बघत होते, शाबासकीची वाट बघणाऱ्या मुलासारखे.

"ते म्हणतात तेच. ते तिथे होते, मी नव्हते."

झालं! एका वाक्यात सहा पानं पाण्यात. मी बोलायला तोंड उघडलं, तिने हात दाबला.

तेवढ्यात शिपाई कसले तरी कागद घेऊन आला. आत यायच्या आधी दार वाजवलं. तीनदा. बाबा खुर्चीतून उठले, भिंतीपाशी गेले आणि तोंड फिरवून उभे राहिले. हात कानांवर. का, ते त्यांना सांगता येत नव्हतं. आई जाऊन शेजारी उभी राहिली, नुसती. डॉक्टरीणबाई काहीतरी लिहीत होत्या.

८ एप्रिल, बुधवार

आईला म्हटलं, एवढं सगळं कशासाठी केलं मग? तुझी कंबर मोडेल. म्हणाली, त्यांनी चाळीस वर्षांनी त्या पोराला उतरवलं. मी म्हणू, नाही उतरवलंत?



४ मे, सोमवार

बोर्डाचं पत्र. दोनदा वाचलं, मग आईला मोठ्याने वाचून दाखवलं. घटना कागदोपत्री सिद्ध होत नाही. मात्र सेवाकाळातील मानसिक इजा सुनावणीत प्रत्यक्ष दिसून आली. भत्ता मंजूर, मदतनीस मंजूर. खाली डॉक्टरीणबाईंची सही.

आई म्हणाली, बरं झालं. आणि मग बराच वेळ नळ सोडून भांडीच घासत बसली, घासलेलीच.

११ मे, सोमवार

मदतनीस रुजू. पन्नाशीचा, पैलवान गडी, बाबांना फुलासारखा उचलतो. बाबा त्याला 'साहेब' म्हणतात आणि निमूट आंघोळ करतात. आई दुपारी चक्क झोपली!

मी संध्याकाळी बाबांना बागेत नेते. आज मला त्यांनी विचारलं, तुझे वडील काय करतात? मी म्हटलं, क्रेन चालवायचे. म्हणाले, अवघड काम. चांगला माणूस असणार.

मी म्हटलं, हो. घरी फारसे नसायचे.

९ जून, मंगळवार

अभिलेखागारातला अहवाल आला, आता कोणाला नको असताना. अर्धं पान. 'चालक जखमी. तीन वाजून चाळीस मिनिटांनी जीपने रुग्णालयात रवाना. चार पंचविसाला रिकामा ट्रक दरीत ढकलून रस्ता मोकळा.'

रिकामा. कोणीच नव्हतं. चाळीस वर्षं – आणि कोणाला हे सांगावंसं वाटलं नाही.

खाली कारकुनाने पेन्सिलीने लिहिलंय, चालकाची पेन्शन चालू आहे, आणि एक फोन नंबर. त्या माणसाला विचारूनच दिलाय म्हणे. मी लावला. पलीकडे म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मी म्हटलं, मी क्रेनवाल्याची मुलगी. पुढे काही बोलता येईना.

आईने फोन माझ्या हातातून घेतला. कानाला लावून उभी राहिली. मग म्हणाली, "कसे आहात तुम्ही?"