बदल मागे घेत आहोत

२४ नोव्हेंबर २०२५, सोमवार
आज कोपरच्या घरी आले. तिसरा मजला, दोन खोल्या, किचनच्या खिडकीतून खाडीकडचा वारा. खडवलीहून आणलेल्या माझ्या दोन्ही बॅगा केदारने स्वतः वर चढवल्या, अर्धं कपाट रिकामं करून दिलं. शेजारच्या सुमेधाकाकू चहा घेऊन आल्या. केदारचं हे दुसरं लग्न. पहिली बायको क्षिप्रा दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली, हे लग्न ठरतानाच सांगितलेलं. घरात तिचा एकही फोटो नाही. बरं वाटलं. आमचा लग्नातला फोटो मी टीव्हीशेजारी ठेवला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
क्लासच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला हॉलमधला कॉम्प्युटर लावायला गेले, तर तो चालूच. फक्त स्क्रीन बंद होती. ती लावल्यावर नाव आलं, क्षिप्रा. हॉस्पिटलात जाताना ती तो चालू ठेवून गेलेली. केदारने तेव्हापासून बंद केलेला नाही, लाइट जाईल म्हणून इन्व्हर्टरही बसवलाय. हे सगळं त्याने इतक्या हळू आवाजात सांगितलं की भांडता येईना. ऑफिसला निघताना तो रोज माऊस हलवून ते नाव बघतो. मला नुसतं 'येतो' म्हणतो, तेही चपला घालता घालता.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
केदार ठाण्याला गेल्यावर दुरुस्तीवाल्या गोपीनाथना बोलावलं. ते म्हणाले, "ताई, दोन वर्षांत एकदाही बंद नाही? सगळे अपडेट तुंबलेत." घरातला कॉम्प्युटर रोज नीट बंद करावा, अपडेट चालू असताना प्लग काढू नये. कधी अपडेट फसतं, मग मशीन केलेले बदल मागे घेतं आणि पूर्वीसारखं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. क्षिप्राचे फोटो त्यांनी पेनड्राइव्हवर काढून दिले. बंद मात्र मी केला. मला तिचं नाव विझताना बघायचं होतं.
दुपारी परत लावला. तीस टक्क्यांवर अडकला. 'अपडेट पूर्ण झाले नाही. बदल मागे घेत आहोत.' मग पुन्हा तेच नाव.
केदारने संध्याकाळी आल्या आल्या माऊस हलवून ते नाव बघितलं. टीव्हीशेजारची फ्रेम जागेवर आहे. आत फोटो नाही.

१ डिसेंबर, सोमवार
फोटो केदारनेच काढला असणार. रागाने पुन्हा बंद केला, पुन्हा लावला. पन्नास टक्के. बदल मागे.
कपडे काढायला कपाट उघडलं. माझ्या अर्ध्या भागात तिच्या साड्या, घड्या घालून. माझ्या बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या. केदार म्हणाला, तूच भरल्या असशील. एक जांभळी साडी त्याने उचलली आणि नाकाशी धरली. मी समोर उभी होते.

३ डिसेंबर, बुधवार
पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत गेला. मग मागे.
गळ्यात मंगळसूत्र नाही. घरभर शोधलं. सुमेधाकाकूंचं दार वाजवलं तर त्यांनी सौजन्याने विचारलं, "कोण हवंय आपल्याला?" मी नाव सांगितलं. संचिता. त्या म्हणाल्या, केदारच्या बायकोचं नाव क्षिप्रा.
गोपीनाथना फोन केला. आता हात लावू नका म्हणाले. पण दर वेळी आकडा पुढे जातोय. एकदा पूर्ण झालं की ती जाईल. या घरात मी राहीन, नाहीतर ती.

४ डिसेंबर, गुरुवार
सकाळी अठ्ठ्याऐंशी. नव्व्याण्णव. मी देवासमोर बसावं तशी त्याच्यासमोर बसलेली —
मागे घेत आहोत.
प्लग ओढला. इन्व्हर्टरही बंद केला. स्क्रीन चालूच आहे.

दुपार
बॅगा नाहीत. आरशात बघवत नाही — मागची भिंत दिसते, माझ्यातून —
किचनमध्ये कुणीतरी कांदा चिरतंय.

सव्वासहा
बेल वाजली. मी उठले, पाय उचलेना. तिने दार उघडलं. जांभळी साडी. मी ओरडले, केदारने वर पाहिलंही नाही. "अगं, आज लवकर सुटलो," तिला म्हणाला, आणि हसला. चपला तशाच फेकून आत आला, तिच्या मागे मागे, किचनपर्यंत. अजून हसतोय. दहा दिवसांत माझ्याशी एकदाही तो असा