घरमालक उंबऱ्याबाहेर

५ जून १९९८, शुक्रवार

आजपासून मी नाशिककर! अंबडच्या कारखान्यात तयार माल तपासायची नोकरी आणि इंदिरानगरात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. घरं बघून बघून चपला झिजल्या. एजंट म्हणजे एकजात थापाडे. चोवीस तास पाणी म्हणतात आणि नळ सोडला की नुसती हवा येते. पण मीही नामपूरचा आहे. प्रत्येक घरात नळ सोडून बघितला, छताच्या कोपऱ्यांत ओल शोधली, मोरीत नाक खुपसलं, खिडक्यांच्या कड्या लावून-काढून पाहिल्या. या एकाच घरात मला बोट ठेवायला जागा सापडली नाही. सकाळचं ऊन तर थेट ओट्यावर येतं.

मालक खंडेराव साठीचे, मान खाली घालून बोलणारे. गंमत म्हणजे स्वतः मागच्या गल्लीत भाड्याने राहतात. आपलं घर दुसऱ्याला द्यायचं आणि आपण तिसऱ्याच्या घरात राहायचं! असले लोक आहेत म्हणून आमच्यासारख्यांची सोय होते. चावी देतानाही आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच हात लांब केला. म्हणाले, "घरात वेडंवाकडं बोलू नका साहेब. बाकी आपली काही अट नाही." माझ्या जिभेची कीर्ती यांच्यापर्यंत कुणी पोचवली कोण जाणे.

संध्याकाळी शकुनाचं दूध उतू घालवलं. आता माझी बायको उज्वला आणि चार वर्षांची छकुली नामपूरहून आल्या की झालं.

८ जून, सोमवार

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून नामपूरच्या किराणा दुकानात फोन केला, उज्वलाला बोलावून घेतलं. बाईसाहेब म्हणतात, वटपौर्णिमा सासूबाईंबरोबर करते आणि मग सावकाश येते. सावकाश! मी इथे करपलेली खिचडी खातोय आणि ही तिकडे माझ्या आयुष्यासाठी वडाला दोरे गुंडाळणार.

घरी येऊन पातेलं घासता घासता तोंड सुटलंच. नकोच येऊस म्हणालो, जिवात जीव आहे तोवर या घराकडे फिरकू नकोस. भिंतींनाच ऐकवलं, पण बरं वाटलं. पातेलं काही निघालं नाही.

११ जून, गुरुवार

काल खालच्या पिठाच्या गिरणीवाल्याचं कुत्रं दिवसभर केकाटत होतं. खिडकीतून ओरडलो, मर एकदाचं. आज सकाळी ते जिन्याखाली मरून पडलेलं. कुणी काही घातलं असणार. गिरणीवाला माझ्याकडे बघत होता. बघू दे, मी काय केलंय?

१४ जून, रविवार

समोरच्या दारात लंकाबाई राहतात. म्हातारी दिवसभर चौकटीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी घेते. आज मला धरलं. "बायकू नाय आणली अजून? भांडण झालं काय? लय भाडेकरू पाह्यले म्या या घरात. हसत येत्यात न् जाताना वळून बी बघत नाय." अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

दार आपटलं आणि म्हणालो, हिची वाचा बसली तर बिल्डिंग सुखी होईल.

१५ जून, सोमवार

लंकाबाईंची वाचा गेली.

सकाळी चहा मागायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. मुलगा हिरामण त्यांना उचलून दवाखान्यात घेऊन गेला. जिन्यात मी बाजूला झालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या दाराकडे बोट केलं. तोंडातून नुसता घों घों आवाज.

१६ जून, मंगळवार

मी शिकलेला माणूस आहे. संशय आला की तपासायचं, तेच माझं पोट भरतं. ओट्यासमोर उभा राहून मोठ्याने म्हणालो, लंकाबाईंना वाचा येवो. हिरामणला विचारून आलो, काही फरक नाही. पुन्हा म्हणालो, हात जोडून म्हणालो. काही नाही.

मग नळाकडे बघून म्हणालो, फूट मेल्या.

नळ फुटला. अजून पाणी वाहतंय. चांगलं बोललेलं या घराला ऐकूच येत नाही. वाईट तेवढं ऐकतं.

१७ जून, बुधवार

खंडेरावांना त्यांच्या दारात गाठलं, गळपट्टी धरली. म्हातारा रडायला लागला. या घराची वास्तुशांत चालू असताना पाटावर कोणी बसायचं यावरून त्यांचं धाकट्या भावाशी जुंपलं. होम पेटलेला, भटजी हात जोडून गप्प बसा म्हणतायत, आणि हे भावाला म्हणाले, या घरातून तुझी तिरडीच निघेल. भाऊ तिथेच, पाटाशेजारी आडवा झाला. भटजी सामान टाकून पळाले. जमिनीत पुरायची वास्तूची मूर्ती तशीच राहिली, ती अजून यांच्या कपाटात आहे. दुसरा कोणी भटजी त्या उंबऱ्याच्या आत यायला तयार नाही.

विकून का टाकत नाही, म्हणून ओरडलो. म्हणाले, "विकत कोण घेतंय? घेणारा सतरा जणांना विचारतो. भाडेकरू नळ बघतो, ऊन बघतो न् चावी मागतो."

आणि सोडून गेलो तर? म्हणाले, घर सोडता येतं, बोललेलं सुटत नाही. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं ना साहेब.

त्याला चार शिव्या घालतच परत निघालो. पण आमच्या जिन्यापर्यंत आलो आणि आठवलं. पातेलं. ८ तारखेचं पातेलं.

मी उज्वलाला काय म्हणालो होतो ते आठवलं.

१८ जून, गुरुवार

बूथ उघडायच्या आधीच दारात जाऊन बसलो. ती फोनवर आली. जिवंत आहे. पण काल निघाली होती! न सांगता येऊन मला चकित करणार होती. देवळ्याजवळ एसटीचा ब्रेक गेला, गाडी बाभळीवर आदळली. पुढच्या बाकावरची बाई जागीच गेली. तो बाक हिचाच होता, छकुलीला उलटी आली म्हणून खिडकीसाठी मागे गेलेली. हसत हसत सांगत होती, वडाची पूजा कामी आली म्हणून.

येऊ नकोस म्हणालो. हातापाया पडलो, फोनवर रडलो. मी रडताना तिने कधी ऐकलेलं नाही. तिला वाटलं मला काहीतरी झालंय आणि मी लपवतोय. म्हणाली, उद्या पहिल्या गाडीने येते. आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, दुकानदार म्हणाला, वहिनी गेल्या घरी. निरोप सांग म्हणालो. सांगतो म्हणाला —

१९ जून, शुक्रवार

निघाल्या. दुकानदाराने सांगितलं. निरोप दिला होता, तरी निघाल्या. छकुली सोबत.

रस्त्यात कुठे गाठू? कोणत्या गाडीत असतील?

जिवात जीव आहे तोवर नाही. म्हणजे आज ती इथे आली तर —

नाही.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

तपासणी करणारा माणूस आहे मी. हे घर वाईटच ऐकतं ना? मग असं वाईट बोलायचं, की त्यात तिला जिवंत इथे यावंच लागेल.

बोललो. ओट्यासमोर, मोठ्याने. उज्वला आज धडधाकट या घरात येवो आणि माझं मेलेलं तोंड बघो.

पाण्याचा आवाज थांबला. फुटलेला नळ, आपोआप. म्हणजे ऐकलं.

रडू येतंय आणि हलकंही वाटतंय. वाचली. पोरगी वाचली.

दुपार

डावा हात जड. छातीवर पाटा ठेवल्यासारखं. दार उघडून ठेवलंय. बाहेर जाऊन पडावं म्हटलं तर पाय उचलत नाहीत —

खाली रिक्षा. छकुलीचा आवाज. हिरामणला विचारतेय, आमचं घर कुठलं.

आल्या. जिवंत आल्या.

पण — अरे देवा — हे आधी का नाही सुचलं. नवऱ्याला असं बघून बाई काय बोलते. आमच्याकडे सगळ्याच बोलतात. माझी आईपण बोलली होती, बाबांच्या छातीवर पडून. मलाही घेऊन चला, म्हणत —

उज्वला, जिन्यातच थांब. आत येऊ नकोस. आलीस तर रड, मला शिव्या घाल, पण ते एक वाक्य तेवढं या घरात