आप्पा, ती खरूज नव्हती

आप्पा, आमच्या घरात कुत्रं आहे. हे वाचून तुम्ही आधी रागावणार हे मला ठाऊक आहे, म्हणून तेच पहिल्यांदा सांगितलं. मुलगी कॉलेजात असताना पिल्लू घेऊन आली, मग लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि कुत्रं माझ्याकडे राहिलं. तांबूस रंगाचं आहे, एक कान पडलेला. नाव लिहीत नाही, तिने काहीतरी विलायती ठेवलंय, तुमच्या जिभेला वळायचं नाही. आम्ही आता सोलापूरबाहेर कुंभारीत राहतो. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला जाते आणि तुमचे जावई कामातून मोकळे झाल्यापासून दारात खुर्ची टाकून पेपर वाचतात. कुत्रं त्यांच्या पायाशी.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी दार उघडलं तर कुत्र्याचं तोंड सुजलेलं, डोळे मिटलेले आणि अंगावर जागोजागी केस उभे राहिलेले. हात फिरवला तर गाठीच गाठी, तापलेल्या. मला त्या ओळखीच्या वाटल्या. लहानपणी माझ्या अंगावर अशाच गांधी उठायच्या. तुम्ही आमसुलाचं पाणी चोळायचात, घोंगडीत गुंडाळून मांडीवर घ्यायचात आणि म्हणायचात, "पित्त हाय, उतरंल की." पण कुत्र्याच्या अंगावर पित्त उठतं हे कुणी ऐकलंय? दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिल्यावर संध्याकाळपर्यंत सूज उतरली. मला वाटलं, सुटलो. पण ते परत आलं, आणि परत परत येत राहिलं. खाजवून खाजवून त्याचं पोट लाल झालं, कानामागचे आणि पायाचे केस गेले. मग एक दिवस शेजारीण दारात उभी राहिली. ती तेलुगू, घरात विड्या वळते, तोंडाने फटकळ पण मनाने वाईट नाही. तिच्या मागे गल्लीतल्या आणखी बायका होत्या. "अक्का, ही खरूज हाय. माझी नातवंडं हितंच खेळतेत. कुत्रं लांब सोडून या, न्हाय तर आमी सोडतो."

तेव्हा मला वस्तीवरची ती दुपार आठवली. मी लहान आहे, तुमच्या धोतराला धरून उभी आहे. मेंढ्यांमागच्या आपल्या कुत्र्याचं अंग उघडं पडलंय, ते पायाने सारखं कान खाजवतंय आणि सगळी वस्ती गोळा झालीय. तुम्ही म्हणता, "मला न्हाय वाटत खरूज. खरूज असती तर बाकीच्या कुत्र्यांना झाली असती की." कुणी ऐकत नाही. शेवटी तुम्ही दोरी हातात घेता. ते शेपूट हलवत तुमच्यामागे निघतं, त्याला वाटतं मेंढ्यांकडेच चाललोय. दिवस कलल्यावर तुम्ही एकटे परत येता, आई ताट वाढते आणि तुम्ही ताटावरून उठून जाता. पुढे मेंढ्या विकून आपण सोलापुरात आलो, तुम्ही कारखान्यात मागावर कापड विणायला लागलात. एकदा कारखान्याच्या फाटकाशी मी एक पिल्लू उचललं तर तुम्ही केवढ्याने ओरडलात. "ठेव खाली त्याला! कुत्र्याला जीव लावायचा न्हाय." त्याआधी तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

शेजारणीला मी म्हटलं, "कुत्रं कुटं जाणार न्हाय. खरूज निघाली तर मी स्वतः येऊन सांगन." आणि दारातून हलले नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याची कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली, नीट तपासली. "खरजेचे किडे दिसत नाहीत, मावशी. मला ही ॲलर्जी वाटते, बहुतेक खाण्यातली. पण कशाची, ते शोधायला तुम्हाला चिकाटी धरावी लागेल." त्यांनी सांगितलं, कुत्र्याने जन्मात कधी खाल्लं नाही असं काहीतरी शिजवायचं आणि त्याशिवाय तोंडाला काही लागू द्यायचं नाही. विचार करकरून डोकं शिणलं. चपाती, दूध, अंडी, कोंबडी, मटणाची हाडं, सगळं खाऊन झालेलं. राहिला होता मासा, कारण आपल्या घरात तो कधी आलाच नाही. मग उजनी धरणातला मासा आणायचा, त्याने कधी न खाल्लेल्या बटाट्याबरोबर नुसता उकडायचा, ना मीठ ना तिखट. धनगराची लेक मी, आयुष्यात मासा हातात धरला नव्हता. रोज कामावर जाण्याआधी बोटांनी एकेक काटा काढत बसायचे. कारखान्यात बायका नाकाला पदर लावून हसायच्या. हसू देत. कुत्र्याची खाज कमी झाली, पोटाचा लालपणा गेला.

आणि एका संध्याकाळी घरी आले तर पुन्हा पाठभर गांधी. मग यांच्याकडे बघितलं. यांनी पेपर तोंडासमोर धरला.

"काय घातलंत त्याला?"

"काय न्हाय."

"खरं सांगा."

"जेवताना तोंडाकडं बघत बसतंय की गं. कोंबडीचा एक तुकडा दिला. एवढासा."

भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कोंबडी! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. पुन्हा पूर्ण बरं होऊ द्या, मग मुद्दाम कोंबडी द्या, पण सकाळी, दवाखाना उघडा असताना, औषध हाताशी ठेवून. तसंच केलं. कामाला सुट्टी घेतली आणि शेजारणीला बोलावून दारात बसवलं. ती विड्या वळायचं सूप, पानं-तंबाखूसकट, घेऊनच आली. मी उकडलेल्या कोंबडीचा तुकडा टाकला, त्याने तो न चावताच गिळला. बराच वेळ काही नाही. "काय बी होत न्हाय की," ती म्हणाली. दुपार व्हायच्या आत त्याने कान खाजवायला सुरुवात केली, मग कुशीवरचे केस उभे राहिले. मी तिचा हात धरून त्याच्या पाठीवर ठेवला. तिने दचकून ओढला, मग स्वतःच पुन्हा ठेवला. मी औषध दिलं आणि म्हटलं, "आता संध्याकाळी ये." संध्याकाळी तिने मानेपासून शेपटापर्यंत हात फिरवला. पाठ सपाट. "खरूज अशी दिवसात येऊन जात न्हाय," तीच म्हणाली. मग गल्लीत उभी राहून आधी तेलुगूत आणि मग मराठीत ओरडली, "ह्या कुत्र्याला कोंबडी घालायची न्हाय कुणी! मी बघत असते!" आणि खरंच, आता तीच पहारा देते. यांच्यावरसुद्धा.

आप्पा, वस्तीवरच्या त्या कुत्र्याला नक्की काय झालं होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पण तुमची शंका रास्त होती, आणि तीच मी इथे, भर गल्लीत, सगळ्यांसमोर मांडली आणि जिंकले. आमचं कुत्रं आता असं चकाकतं की रस्त्यावरची माणसं विचारतात, काय खाऊ घालता हो?

हा कागद घडी करून कपाटात साड्यांखाली जाईल, तुम्ही गेलात तिथे टपाल थोडंच पोचतं. तुमच्याशिवाय हे कुणाला सांगण्यासारखंही नाही. त्याचे केस भरून आले त्या रविवारी मी भाजी आणायची म्हणून त्याला घेऊन बाहेर पडले. भाजी घरात भरपूर होती. ठेवणीतली साडी नेसले, सरळ रस्ता सोडला आणि त्या सगळ्या बायकांच्या दारांवरून, मुद्दाम हळूहळू, त्याला मिरवत नेलं.