हिरव्या अक्षरांतलं खोटं

३ मार्च, मंगळवार

डोकं फिरलंय नुसतं! सकाळी शाळेच्या साइटवरून फिटरचा फोन – "मॅडम, कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगा इतक्या लांब लांब कशा? मी गेली तीन-चार वर्षं दहा सेंटिमीटरवर बांधतोय, तुमच्या नकाशात वीस लिहिलंय." मी म्हटलं, शक्यच नाही. नकाशा उघडला. वीसच!

बांधकामाच्या जुन्या नियमावलीत, म्हणजे जुन्या कोडात, वीस चालायचं. नव्या कोडात भूकंपासाठी दहा केलंय, त्यालाही चार वर्षं झाली. सळया बांधणाऱ्या माणसाच्या डोळ्याला जे खुपलं, ते ऑफिसात सात इंजिनिअरांना दिसलं नाही. आणि शनिवारी काँक्रीट!

४ मार्च

सापडलं. इमारत कोणत्या कोडप्रमाणे तपासायची ते सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर ते आपलं जुनाच धरून बसतं. पूर्वी आम्ही प्रत्येक इमारतीच्या मॉडेलला हाताने सांगायचो. आता आमच्या ऑफिसातल्या जादूगाराची स्क्रिप्ट, म्हणजे त्याने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, सांगते. (सगळं एका बटणावर आणतो म्हणून त्याचं नाव जादूगार. साहेबांनीच ठेवलं, कौतुकाने.)

तर गंमत अशी – एकदा मॉडेलचं गणित झालं की सॉफ्टवेअर त्याला कुलूप लावतं. कुलपात असताना कोड बदलत नाही. सॉफ्टवेअर चक्क "नाही" असं उत्तर देतं. पण स्क्रिप्ट ते ऐकतच नाही! खाली हिरव्या अक्षरांत छापून मोकळी – "नवा कोड लागू केला."

आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय.

जादूगाराला दाखवलं. म्हणतो, "पण मॅडम, हिरवं आलं होतं!" अरे, हिरवं आलं होतं म्हणजे काय? तूच छापायला सांगितलंस म्हणून आलं! इतकी ओरडले की पलीकडच्या खोलीतला ड्राफ्ट्समन दार लावून बसला.

५ मार्च

साहेबांकडे गेले. ऐकून घेतलं, चष्मा पुसला, म्हणाले, "राईचा पर्वत करू नका. जुन्या कोडाच्या इमारती काय पडल्या का?"

शाळा आहे ती! तीन मजले, सहाशे पोरं!

"पंप ठरलाय, माणसं ठरलीत. तारीख हलणार नाही."

मी म्हटलं, मग नकाशावर सही तुम्ही करा. तर म्हणतात, "तपासनिसाची सही तुमचीच असते की." हो, माझीच असते. म्हणूनच घसा कोरडा करतेय!

संध्याकाळी आईचा फोन. नव्या फ्लॅटमध्ये गेल्यापासून तिला दुसरा विषय नाही. "लिफ्टमध्ये त्या चौथ्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं, ही इमारत माझ्या लेकीने उभी केली." म्हटलं, आई, मी फक्त आकडेमोड केली. "तेच ते!" म्हणाली. हसू आलं. तेवढाच वेळ राग विसरले.

७ मार्च, शनिवार

सकाळी सातला साइटवर. पंप लागलेला, पाइप वर चढवलेला. मी जाऊन कॉलमच्या सळयांना पाठ टेकून उभी राहिले. म्हटलं, ओता आता!

पंपवाल्याने माझा उद्धार केला. कंत्राटदाराने साहेबांना फोन लावला. साहेब फोनवर जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण मी हलले नाही. पाऊण तासाने पंप परत गेला. फिटर म्हणाला, "मॅडम, आज तुम्हीच एक कॉलम झालात."

घरी आले तरी राग गेला नव्हता. आपल्या सहीची किंमत कळायला माणसाला असं उभं राहावं लागतं का?

९ मार्च

स्क्रिप्ट दुरुस्त. आता ती आधी कुलूप काढते, मग कोड लावते, मग सॉफ्टवेअरला उलट विचारते – सांग बाबा, कोणता कोड धरलायस? एवढंच काम होतं. चार ओळींचं!

साहेब म्हणाले, "झालं ना? आता मागचं उकरत बसू नका." म्हणजे मागचंही आहे! जादूगाराला केबिनमध्ये घेतलं. खाली मान घालून म्हणाला, "तीन वर्षांपासून चालतेय, मॅडम. अकरा कामं झाली."

माझा तोल गेला. अकरा! आणि कोणीच उघडून बघितलं नाही? न बघता सह्या करतात तरी कोण ही माणसं?

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

१० मार्च

यादीत पहिलं काम – आईची इमारत. मॉडेल उघडलं. जुना कोड. रिंगा वीसवर. खाली "तपासले" आणि माझी सही. त्या दिवशी मीही फक्त हिरवी अक्षरंच बघितली होती.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. म्हटलं, चार कपडे घे आणि माझ्याकडे राहायला ये.

ती म्हणाली, "आणि बाकीची त्रेचाळीस घरं?"