न गळलेलं पान

खारघर, मंगळवार, कोजागरीच्या आधी

शरद ऋतूवरच्या माझ्या लेखाचं प्रूफ आज मेधाने पाठवलं. दिवाळी अंकाची संपादक तीच. वाचताना माझ्याच एका वाक्याशी अडले. 'आई गेली त्या दिवशी संध्याकाळी खिडकीसमोरच्या बदामाचं पिवळं पान गळलं.' कुठून गळलं? लेख लिहिला भर पावसात, शरद नुसता मनाने रचून. आता तो खरंच आलाय. घामाने मान चिकट झालीय आणि बदाम हिरवागार आहे. त्याची पानं थंडी सरताना लाल होऊन गळतात, दरवर्षी बघते की मी.

मेधाला फोन केला. म्हणाली, "अगं, लोकांना पानगळ आवडते. खारघरला झाडं बघायला कोण येणारे? उद्या अंक छापायला जातोय, राहू दे."

नाही राहू देणार. आईच्या जाण्याला मी कुठल्यातरी थंड देशातलं पान चिकटवलं. का? खरं फारच साधं वाटलं म्हणून?

तिला सांगितलं, वाक्य बदल, नाहीतर लेखच काढून टाक. ती मग म्हणाली, "तासाभरात पाठव."

पाठवलं. पान गेलं. त्या जागी जे घडलं तेवढंच लिहिलं. पाऊस संपला म्हणून आईने सकाळी गाद्या गच्चीवर उन्हात घातल्या होत्या. दुपारी ती गेली. गाद्या आत आणायचं कुणालाच सुचलं नाही. दवाने भिजलेली तिची गादी बाबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात घातली.