आप्पांची पायरी

मंगळवार, संध्याकाळ. मांडवगण.

बी.एड.साठी माणसाच्या नैतिक वाढीच्या दोन सिद्धांतांचा तक्ता केला. एकात सगळ्यात वरची पायरी न्यायाची, दुसऱ्यात मायेची. खरी कुठली, देव जाणे. वरून दुसऱ्या पायरीवर पेन्सिलीनं स्वतःचं नावही टाकलं होतं.

तेवढ्यात सासरे, आप्पा, चिखलाच्या पायांनी रानातून आले. आमच्या पाळीचं पाणी त्यांनी शेजाऱ्याच्या सुकत्या मेथीला दिलं! बांधावरून त्याच्याशी दहा वर्षं अबोला. तरी, तो दवाखान्यात आहे म्हणून दिलं.

"आप्पा, त्याच्याशी तर तुमचं भांडण ना?"

"भांडान माझं त्याच्याशी हाय. मेथीनं काय केलंय?"

हा न्याय, की माया? आप्पा हातपाय धुऊन भाकरी मागायला लागले. वाढायला उठण्याआधी मी गुपचूप माझं नाव खोडलं.